वीरगळाच्या त्रिमितीय मॉडेलचे टेक्श्चर धूसर का येते?

छायाचित्रांवरून बनवलेल्या मॉडेलचा आकार नेमका आला असूनही टेक्श्चरमध्ये, म्हणजे त्यावर चढवलेल्या पृष्ठभागाच्या चित्रात, कोरीवकाम धूसर दिसत असेल, तर दोष बहुधा मूळ छायाचित्रांत असतो. सुमारे 4 चौरस मीटर पृष्ठभाग असलेल्या वीरगळासाठी 4096 पिक्सेल बाजूचे चौरस टेक्श्चर घेतल्यास एक पिक्सेल साधारण 0.6 मिलिमीटर व्यापतो आणि 8192 घेतल्यास 0.3, मात्र छायाचित्रांतच तेवढा तपशील नसेल, तर आकडा वाढवून केवळ फाइल फुगते. काळ्या बेसॉल्टवर दुपारचे ऊन पडले की कोरलेल्या घोड्याच्या पायांखालची सावली टेक्श्चरमध्ये कायमची उमटते, म्हणून ढगाळ आकाश असताना, ट्रायपॉड लावून, लेन्सचे छिद्र एफ 8 च्या आसपास, आयएसओ (प्रकाशसंवेदनशीलता) 100 आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) स्थिर ठेवून रॉ (कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या) स्वरूपात छायाचित्रे घ्यावीत. (शेंदूर फासलेला दगड चकाकतो, तिथे पोलरायझर, म्हणजे चकाकी कमी करणारा फिल्टर, बराच उपयोगी पडतो.)

छायाचित्रांवरून मॉडेल बनवणाऱ्या मेटाशेप या सॉफ्टवेअरमध्ये प्रतिमांची गुणवत्ता तपासून 0.5 पेक्षा कमी गुण मिळालेली छायाचित्रे टेक्श्चर तयार करण्यापूर्वी बंद करावीत (वगळावीत) आणि छायाचित्रांच्या मिश्रणासाठी सरासरीऐवजी मोझॅक हा पर्याय निवडावा, कारण सरासरीमुळे बारीक रेषा पुसट होतात. माझ्या मते शंभर बऱ्यावाईट छायाचित्रांपेक्षा नीट फोकस झालेली साठ अधिक कामाची ठरतात.