डोकं किती हलवायचं? वाचकांचे प्रश्न, कोचची उत्तरं

या वेळी बॉक्सिंगची पत्रं जरा जास्तच आलीत आणि बहुतेक सगळी फिरून एकाच गोष्टीवर येतात, समोरच्याचा पंच चुकवायचा कसा. पहिल्या पत्राला जास्त जागा दिलीय, कारण ते एकदा नीट कळलं की बाकीचं सोपं जातं.

प्रश्न : मी 19 वर्षांचा, कॉलेजकडून खेळतो, यंदा युनिव्हर्सिटीच्या इंटरकॉलेजला उतरायचंय. जॅब (पुढच्या हाताचा सरळ पंच) मला बऱ्यापैकी स्लिप करता येतो, म्हणजे डोकं बाजूला सरकवून चुकवता येतो, पण त्याच्या मागून येणारा राइट, उजव्या हाताचा पंच, दर वेळी गालावर बसतोच. कोच नुसते ओरडतात डोकं हलव, डोकं हलव. मी हलवतोय ना भो, अजून किती हलवू? (भुसावळ)

उत्तर : कमी हलव. मस्करी नाही करत, तू लिहिलंयस त्यावरून तुझं डोकं जास्तच हलतंय असं दिसतं, आणि हे तुझं एकट्याचं नाही, मोबाईलवर बॉक्सर माइक टायसनच्या क्लिपा बघून आलेली पोरं सगळी अशीच असतात, पंच येवो न येवो हे आपले डावीउजवीकडे डोलतायत. टायसनचं ते हलणं भारी दिसतं पण त्याच्या खाली पाय काम करत असतात, त्याच्या कोचने, कस डमॅटोने, ते त्याच्याकडून पोरवयापासून घोटून घेतलं होतं, आणि क्लिपमधे कोणी पायाकडे बघत नाही.

बाइकवर जाताना बाभळीची फांदी आडवी आली तर आपण किती वाकतो? फांदी चुकेल एवढंच, हँडल सोडून कोणी आडवं होत नाही. स्लिपचं माप तेच. ग्लोव्ह कानाला घासून गेला तरी चालेल. त्यापेक्षा जास्त गेलास की सगळं वजन एका पायावर अडकतं, तिथून परत यायला वेळ लागतो आणि तुझा तो राइट नेमका त्याच वेळात येतो.

आता दिशा. तुम्ही दोघं ऑर्थोडॉक्स, म्हणजे डावा हात-पाय पुढे ठेवून उभे राहणारे, आहात असं धरतो. त्याचा जॅब डाव्या हाताचा, म्हणजे तुझं डोकं तुझ्या उजवीकडे जायला हवं, त्याच्या हाताच्या बाहेर. डावीकडे गेलास तर तू त्याच्या दोन हातांच्या मधे शिरतोस, म्हणजे राइटच्या वाटेत आपणहून जाऊन उभा राहतोस. आत शिरून खेळणारे आहेत, नाही असं नाही, पण ते शिरताना उजवा ग्लोव्ह हनुवटीला चिकटलेला असतो. तुझा खाली येत असणार, बघ एकदा कोणाला तरी व्हिडिओ काढायला सांगून. आणि समोरचा साउथपॉ, म्हणजे उजवा हात-पाय पुढे ठेवणारा, असला की हे सगळं उलटं, त्याचा जॅब उजव्या हाताचा, तू डावीकडे जायचं आणि तुझा पुढचा पाय त्याच्या पुढच्या पायाच्या बाहेर ठेवायचा.

हे मानेने करायचं नसतं. गुडघे थोडे सैल, डावा खांदा आत वळव, कंबर वळली की डोकं आपोआप पंचाच्या लाइनवरून सरकतं आणि वजन उजव्या पायावर येतं. नाक पुढच्या गुडघ्याच्या पुढे जाऊ द्यायचं नाही. डोळे उघडे, नजर त्याच्या ग्लोव्हवर नको, छातीखांद्यावर ठेव, कारण हात निघायच्या आधी खांदा हलतो.

आणि स्लिप करून डोकं परत जिथल्या तिथे आणतोस का? मग वन-टू, म्हणजे जॅबमागोमाग राइट, मारणाऱ्याला अजून काय पाहिजे, त्याचा टू त्याच जागेवर येणारय. वजन उजव्या पायावर आलंय तर तिथूनच राइट सोड, डोक्याला नाहीतर बॉडीला, आणि मारत मारतच परत ये. त्याचा राइट चुकवून डावीकडे गेलास तर तिथून लेफ्ट हुक, कोपर वाकवून बाजूने मारायचा डावा पंच, तयारच असतो. राउंड जिंकणाऱ्याला 10 पॉइंट मिळतात त्या सिस्टिममधे जज स्वच्छ लागलेले पंच आधी बघतात, नुसतं चुकवून राउंड मिळत नाही. तरी हवेत गेलेला पंच मारणाऱ्याला फार दमवतो हेही खरं. अर्जेंटिनाचा बॉक्सर निकोलिनो लोचे, हातात मोठी ताकद नव्हती, पण 1968 मधे टोकियोत पॉल फुजीला त्याने इतकं हवेत मारायला लावलं की दहाव्या राउंडला फुजी स्टुलावरून उठलाच नाही.

सराव असा कर. पार्टनरला सांग, डोक्यावर नको, माझ्या खांद्यांवर हळू जॅब टाक, कधी डाव्या कधी उजव्या. चुकलं तर खांद्याला लागेल, घाबरून डोळे मिटणार नाहीत. हे अंगवळणी पडल्यावर चेहऱ्यावर, तेही हळूच. अजून एक, प्रत्येक पंच स्लिप करायचाच असं नसतं, लांबून आलेल्याला एक पाऊल मागे घेतलं की झालं.

प्रश्न : मुलगी 14 वर्षांची आहे, बॉक्सिंग शिकते. हेडगार्ड घालून स्पारिंग (सरावाची लढत) केलं की डोक्याला काही होत नाही असं तिथले लोक म्हणतात. घरात तिची आजी रोज भांडते. (धुळे)

उत्तर : आजींचं भांडण अगदीच चुकीचं नाहीये. हेडगार्डमुळे भुवई फुटणं, सूज येणं कमी होतं, पण डोक्याला झटका बसल्यावर आत मेंदू हलतो तो गादीने थांबत नाही. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमधे पुरुष हेडगार्डशिवाय खेळले, बायकांचं मात्र कायम राहिलं, त्यावर अजून वाद आहेत. तुम्ही क्लासमधे विचारायचं ते एवढंच की स्पारिंग आठवड्यातून किती, किती जोरात आणि कोणाबरोबर. दर संध्याकाळी मोठ्या वजनाच्या मुलांसमोर उभं करत असतील तर सरळ क्लास बदला, त्यात भीड कसली. मार खाऊन डिफेन्स येतो हे मला बिलकुल पटत नाही, मार खाऊन फक्त डोळे मिटायची सवय लागते. फटका लागल्यावर डोकं दुखणं, उलटी, गुंगी, गोंधळल्यासारखं बोलणं यातलं काही दिसलं तर त्या दिवशी खेळ बंद, डॉक्टरला दाखवायचं आणि ते हो म्हणेपर्यंत स्पारिंग नाही, मॅच तोंडावर आली असली तरी.

प्रश्न : मी खूप खाली डक करतो, म्हणजे वाकून पंच चुकवतो, पंच एकही लागत नाही, तरी रेफ्रीने मलाच टोकलं. माझं काय चुकलं? (चाळीसगाव)

उत्तर : समोरच्याच्या बेल्टच्या खाली डोकं नेलं की फाउल असतो, म्हणून टोकलं. आणि रेफ्री गप्प बसला असता तरी एखाद्याने अपरकट, खालून वर येणारा पंच, घातलाच असता. हेवीवेट बॉक्सर जो फ्रेझर, तो सतत वाकून डोलत पुढे जायचा, 1971 मधे त्याच्याच हुकने मुहम्मद अली खाली पडला, पण 1973 मधे जमैकात किंग्स्टनला जॉर्ज फोरमनने त्याच फ्रेझरला दोन राउंडात सहा वेळा पाडलं. कमरेतून वाकू नको, गुडघ्यातून बस, नजर वरच ठेव.

प्रश्न : आमच्या गावात रिंग नाही, बॅग नाही, घरी काय करता येईल? (शहादा तालुका)

उत्तर : दोरी आहे ना? अंगणात निंबाला आणि खिडकीच्या गजाला खांद्याच्या उंचीवर ताणून बांधा, गार्ड घेऊन, म्हणजे दोन्ही हात तोंडासमोर धरून, तिच्या खालून डावीउजवीकडे होत पुढे जा, मग तसंच मागे या. 3 मिनिटं काम, 1 मिनिट आराम. टेनिस बॉल दोरीने कपाळाच्या उंचीवर टांगून झोका दिला की स्लिपचाही सराव होतो. मे महिन्यात मात्र ऊन वर यायच्या आत उरका, आपल्याकडे 44-45 ला दुपारी हे करणं म्हणजे वेडेपणा आहे. आणि ती दोरी काम झालं की सोडून ठेवा, अंधारात कोणाच्या तरी गळ्याशी येईल.