गाल नको, हाड शोधा

प्रश्न : कंपाउंड (टोकांना चाकं असलेलं) धनुष्य पूर्ण ताणल्यावर माझा हात दर वेळी गालावर वेगळीकडे टेकतो. 50 मीटरवर बाण विखुरतात. काय करू?
– एक वाचक, सातारा

उत्तर : अहो, गाल मऊ, तिथे हात कसा ठरेल? रिलीज (दोरी सोडायचं ट्रिगरवालं उपकरण) धरलेल्या हाताच्या तर्जनी आणि मधल्या बोटाच्या गाठींमधली खाच कानाखाली जबड्याच्या हाडावर बसवा. दोरी नाकाच्या शेंड्याला हलकी लागू द्या. मी वर्षभर नाकच दोरीकडे नेत होतो. मान वाकायची, बाण फाकायचे. पाच पावलांवर निशाणासमोर उभं राहून, ट्रिगरवर बोट न ठेवता, डोळे मिटून ताणा, टेकवा, मग डोळे उघडा. पीप (दोरीत बसवलेली, आरपार बघायची बारीक कडी) डोळ्यासमोर नसेल तर पीपच सरकवून घ्या. दोरी नाकापर्यंत पोचतच नसेल तर ड्रॉ लेंग्थ (धनुष्य किती लांब ताणलं जातं ते माप) तपासा.