तीन वस्तू सांगितल्या, एकच आणली

प्रश्न : मुलगा 28 वर्षांचा आहे. कॉलेजात असताना स्किझोफ्रेनियाचं निदान झालं, बी.कॉम. अर्धवट राहिलं. गोळ्या नियमित चालू आहेत, आवाज ऐकू येणं आणि संशय घेणं जवळपास थांबलंय. पण डाळ, मीठ आणि साबण आणायला पाठवलं, तर नुसता साबण घेऊन येतो. दहावीतल्या गोष्टी मात्र लख्ख आठवतात! म्हणून ह्यांना वाटतं, तो मुद्दाम करतो. आमचं हार्डवेअरचं दुकान आहे. त्याला गल्ल्यावर बसवावं का?
– एक आई, सांगली जिल्हा

उत्तर : ताई, हे उत्तर आधी तुमच्या मिस्टरांना वाचायला द्या. दहावीचं आठवतं ती स्मृती वेगळी. ऐकलेलं काही सेकंद मनात धरून त्यावर काम करायचं, ती कार्यकारी स्मृती, आणि या आजारात मार बसतो तो बहुतेकदा तिला. दवाखान्यात मी 4, 9, 2, 7 असे आकडे सांगते. जसेच्या तसे म्हणायला बरेच पेशंट चुकत नाहीत. उलटे म्हणा म्हटलं की 7, 2... आणि गाडी अडते. यात आळस कुठला?

1992 साली पार्क आणि होल्झमन या संशोधकांनी पेशंटना क्षणभर एक खूण दाखवली, मध्ये थोडा वेळ जाऊ दिला आणि ती कुठे होती ते विचारलं. समोर दिसत असताना जमणारी गोष्ट, नजरेआड झाल्यावर चुकू लागली. पुढे पेशंटच्या आजारी नसलेल्या काही नातेवाइकांमध्येही हा दोष सौम्य प्रमाणात आढळला. म्हणजे सगळं खापर गोळ्यांवर फोडता येत नाही. आजार उघड व्हायच्या आधीच त्याचा अभ्यास घसरला होता का, आठवून बघा. बऱ्याच घरांत उत्तर 'हो' असतं.

आवाज थांबवणाऱ्या गोळ्यांनी ही अडचण फारशी सुटत नाही. पण हात थरथरू नयेत म्हणून ट्रायहेक्सिफेनिडिल नावाची गोळी चालू असेल, तर तिने विसरभोळेपणा वाढू शकतो. पुढच्या वेळी सगळ्या स्ट्रिप्स घेऊन जा आणि ती अजून लागते का, हे डॉक्टरांना विचारा. स्वतःहून काहीही बंद करू नका, ही विनंती नाही, ताकीद समजा.

घरात एका वेळी एकच काम सांगा. जास्त असतील तर चिठ्ठी द्या, आणि ती त्यालाच लिहू द्या. 'लहान मुलासारखी यादी काय देता?' असं कुणी म्हणालं तर म्हणू दे. लग्नाच्या खरेदीला आपण सगळेच यादी नेतो. 'काय सांगितलं होतं मी?' अशी उलटतपासणी तेवढी बंद करा. त्या दडपणाने उरलंसुरलंही निसटतं. कॉग्निटिव्ह रेमेडिएशन नावाचं, लक्ष आणि स्मृतीचा सराव करून घेणारं प्रशिक्षण असतं. त्याचा फायदा बेताचाच, पण सोबत खरं काम असेल तर जास्त.

आता गल्ला. बिल 365, हातात पाचशेची नोट, तेवढ्यात फोन, आणि दुसरं गिऱ्हाईक 'दोन इंची बिजागरी आहे का?' विचारतंय. आत्ता तरी तिथे नको. खिळे-स्क्रू वजन करून पुड्या बांधणं, आलेला माल चलनाशी एकेक ओळ ताडून बघणं, ही कामं द्या. बी.कॉम. नसलं म्हणून काय, चलन त्याला कळतंच. आणि पगार द्या, घरचा असला तरी.