अनारशावरची खसखस आणि लघवीचा रिपोर्ट

प्रश्न : मुलाला जहाजावर नोकरी लागते आहे. मेडिकलमध्ये लघवीच्या तपासणीत ‘ओपिएट पॉझिटिव्ह’, म्हणजे अफूच्या जातीचं द्रव्य सापडलं, असं आलं. आमच्या घरात कुणाला सुपारीचंही व्यसन नाही. दिवाळीमुळे दोन दिवस तो अनारसे मात्र भरपूर खात होता. मशीन चुकलं असेल का? – एक आई, रत्नागिरी

उत्तर : ताई, मशीन बहुधा चुकलेलं नाही, आणि तुमचा मुलगाही चुकला नसेल.

मी २६ वर्षं लॅबमध्ये काढली. आधी आम्ही पट्टी बुडवून रेघ बघायचो. रेघ उमटली की निगेटिव्ह. संध्याकाळी थकल्या डोळ्यांनी पुसट रेघ आहे की नाही, यावर माझं आणि सोबतच्या तंत्रज्ञ बाईंचं एकमत होत नसे. ऑटोअ‍ॅनालायझर, म्हणजे आपोआप तपासणी करणारं मशीन आलं आणि तो घोळ संपला. बारकोडची नळी आत जाते, सुई थेंबभर लघवी उचलते, त्यात रिएजंट (तपासणीचं रसायन) पडतं आणि ३४० नॅनोमीटरच्या प्रकाशात एन्झाइमचा वेग मोजला जातो. पण त्या रसायनातली अँटिबॉडी, म्हणजे ठरावीक द्रव्याला चिकटणारं प्रथिन, मॉर्फीन हे अफूतलं द्रव्य ओळखते. ते कुठून आलं, हे तिला कळत नाही.

खसखशीच्या दाण्याला अफूच्या बोंडाचा चीक लागलेला असतो, त्यात मॉर्फीन आणि कोडीन असतं. कोडीनचं खोकल्याचं औषध घेतलं तरी शरीरात त्याचं थोडं मॉर्फीन होतं. खसखशीमुळे निरपराध माणसं अडकत होती, म्हणून अमेरिकेत सरकारी नियमांखालच्या तपासणीत १९९८ साली पॉझिटिव्ह धरण्याची मर्यादा मिलिलीटरला ३०० नॅनोग्रॅमवरून २००० वर नेली.

तेव्हा आधी विचारा, मर्यादा कोणती धरली होती? मग त्याच बाटलीतल्या नमुन्याची जीसी-एमएस किंवा एलसी-एमएसवर (प्रत्येक द्रव्य वेगळं करून नेमकं ओळखणारी यंत्रं) तपासणी मागा. नवा नमुना देऊन भागणार नाही, तोवर सगळं धुऊन गेलेलं असेल. या तपासणीतही मॉर्फीन दिसेल, घाबरू नका. आकडा किती ते बघा आणि ‘सिक्स-अ‍ॅसिटिलमॉर्फीन’ शोधायला सांगा. ते हेरॉइनमधून येतं, खसखशीतून कधीच येत नाही. मात्र ते काही तासांतच निघून जातं, म्हणून ते सापडलं नाही एवढ्यावरच सगळं ठरत नाही.

मशीनचा पहिला रिपोर्ट प्राथमिकच असतो, पण एकदा मी ‘प्राथमिक’ हा शब्द न लिहिता तो सोडला होता. त्या ड्रायव्हर पोराचं काम त्याच दिवशी गेलं. चार दिवसांनी दुसरा रिपोर्ट स्वच्छ आला, तोवर त्याच्या जागी दुसरा घेतला होता. ते अजून मला टोचतं. म्हणून सांगते, दुसरा रिपोर्ट हातात येईपर्यंत मुलाला कुठल्याही कबुलीवर सही करू देऊ नका.