‘डी ब्र्युके’ (१९५९) : बारा वर्षांच्या मुलाला दाखवावा का?

तुमचा प्रश्न असा आहे, की शेजारच्या जर्मन आजींनी ‘डी ब्र्युके’ (म्हणजे ‘पूल’) या जर्मन युद्धपटाची डीव्हीडी दिली आहे, तिच्यावर बाराचं हिरवं लेबल आहे, मुलगा नुकताच बाराचा झाला आहे आणि धाकटी आठ वर्षांची आहे. दोघांना एकत्र बसवून दाखवला तर चालेल का?

मुलाला दाखवा, पण तुम्ही शेजारी बसून. धाकटीला आत्ता नको.

आधी त्या लेबलाबद्दल, कारण आपल्याकडच्या सवयीने त्याचा अर्थ चुकतो. जर्मनीतल्या वीसबाडेनची एफएसके ही संस्था १९४९ पासून चित्रपटांना वयोगट ठरवून देते. ० पांढरं, ६ पिवळं, १२ हिरवं, १६ निळं, १८ लाल. ‘१२’ म्हणजे चित्रपट बारा वर्षांच्या मुलांसाठी केलाय असं नाही, आणि त्यांना तो आवडेल, समजेल असंही नाही. त्या वयाच्या मुलाला त्यातून अपाय होऊ नये, एवढंच ते सांगतं. थिएटरात आईवडील बरोबर असतील तर सहा वर्षांवरच्या मुलालाही बाराच्या चित्रपटाला सोडतात. ही सवलत कायद्याने दिली आहे, तो सल्ला नव्हे. घरी काय दाखवायचं ते तुम्हीच ठरवायचं.

आता चित्रपट. एप्रिल १९४५, एक लहानसं जर्मन गाव, एकाच वर्गातली सोळा वर्षांची सात मुलं. पहिला जवळजवळ अर्धा भाग युद्धाचा नाहीच. शाळा, नदी, आया, एखादीवर जीव जडलेला, वडिलांशी भांडण. तुमचा मुलगा इथे कंटाळेल, मोबाईल शोधेल. शोधू देऊ नका. पुढे जो मरतो तो कोण होता हे याच भागात कळतं. हा भाग निसटला तर राहते नुसती गोळाबारी, आणि मग चित्रपट दाखवला काय नि न दाखवला काय.

मुलांना सैन्यात बोलावणं येतं आणि बराकीत एक दिवस होतो न होतो तोच रात्री निघायचा हुकूम. त्यांचे शिक्षक अधिकाऱ्याला गळ घालतात, म्हणून त्यांना लढाईपासून लांब, गावातल्याच एका बिनकामाच्या पुलावर ठेवलं जातं. तो पूल तसाही उडवायचाच असतो. सांभाळायला दिलेला अनुभवी सैनिक गावात जातो आणि आपलेच लष्करी पोलीस त्याला पळपुटा समजून मारतात. मुलांना यातलं काहीच कळत नाही. ती पूल राखत बसतात.

हिंसेबद्दल स्पष्टच सांगते. चित्रपट कृष्णधवल आहे, त्यामुळे लाल रक्त नाही. पण दोन जागा जड आहेत. पहिली सिगीची. हा त्यांच्यातला सगळ्यात लहानखुरा. आधी विमानाच्या आवाजाने तो जमिनीवर आडवा होतो, बाकीचे त्याला हसतात. पुढच्या वेळी विमान येतं तेव्हा तो मुद्दाम उभा राहतो. रक्तापेक्षा मला ही जागा जास्त बोचते, कारण मित्रांनी भित्रा म्हणणं म्हणजे काय हे बारा वर्षांच्या पोराला आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं. माझा मुलगा तेरा वर्षांचा असताना आम्ही हा पाहिला. लढाईभर तो गप्प होता, पण सिगीच्या वेळी उठून पाणी प्यायला गेला आणि बराच वेळ स्वयंपाकघरातच उभा राहिला.

दुसरी जागा अमेरिकन सैनिकाची. समोर पोरं आहेत हे पाहून तो ओरडून सांगतो, की आम्ही मुलांशी लढत नाही, घरी जा. त्याच्या बोलण्यात ‘किंडरगार्टन’ असा शब्द येतो, आणि हा तर जर्मनच शब्द. नेमका तोच सातांपैकी कार्लच्या वर्मी लागतो आणि तो गोळी झाडतो. पोटाला लागलेला तो माणूस लगेच मरत नाही. त्याचं विव्हळणं लांबतं, सोबतीला दिलासा देणारं संगीत वगैरे काही नाही. आवाज आधीच कमी ठेवा. तुमच्या धाकटीला नको म्हणते ते मुख्यतः यासाठी. डोळे झाकता येतात, कान तेवढे पटकन झाकता येत नाहीत. आणि शेजारच्या खोलीत कार्टून लावून दिलं तरी ते ऐकू जाईल.

शारीरिक गोष्टींचं फार मनावर घेऊ नका. नग्नता नाही. कार्लला आपले वडील त्याच्या आवडत्या मुलीबरोबर दिसतात, दुसऱ्या एका मुलाच्या, वाल्टरच्या, वडिलांचं घरातल्या मोलकरणीशी सूत असतं. मुलगा विचारेल. तेव्हा ‘मोठेपणी कळेल’ म्हणू नका. घरातल्या मोठ्यांवरचा विश्वास उडालेली पोरं गणवेशाच्या आहारी कशी जातात, हे त्यातूनच दिसतं.

रात्री लावू नका. रविवारी दुपारी बसा, म्हणजे नंतर बाहेर फिरून यायला उजेड असतो. शेवटी पडद्यावर ओळी येतात, की हे २७ एप्रिल १९४५ रोजी घडलं आणि इतकं क्षुल्लक होतं की सैन्याच्या कुठल्याही वार्तापत्रात त्याचा उल्लेख झाला नाही. ‘हे खरं आहे का?’ हा प्रश्न तिथे हमखास येतो. उत्तर तयार ठेवा: मूळ कादंबरी ग्रेगोर डॉर्फमाइस्टर यांची, टोपणनावाने लिहिलेली. सोळाव्या वर्षी ते स्वतः अशा लढाईत होते आणि वाचले. चित्रपटातलं सगळं जसंच्या तसं घडलं असं मात्र सांगू नका.

(रणगाडे खोटे आहेत. ट्रकवर सांगाडा चढवलेला आहे. माझ्या मुलाला खाली चाकं दिसली आणि त्या दोन तासांत तो तेवढाच एकदा हसला.)

एक बघून घ्या. याच नावाचा २००८ चा टीव्हीसाठी केलेला रंगीत चित्रपटही आहे. मी सांगतेय तो बर्नहार्ड विकी यांचा कृष्णधवल. आजींची डीव्हीडी दुसरी निघाली तर वरचं सगळं तिला लागू नाही.