दोन टक्क्यांत काय येतं? घराच्या व्यवहाराची प्रश्नोत्तरे

या वेळच्या बहुतेक पत्रांत एकच सल दिसते: एजंटला इतके पैसे कशाचे द्यायचे? काही पत्रांत मात्र एजंटपेक्षा मोठं दुखणं कागदात आहे. त्यांची उत्तरं जरा लांबली आहेत.

प्रश्न : जुळे सोलापुरात 42 लाखांचा रिसेल टू-बीएचके ठरतोय. एजंट आमच्याकडून दोन टक्के आणि विकणाऱ्याकडूनही दोन टक्के मागतो. हा दर कायद्याने ठरलेला आहे का? तो मध्ये नसला तर व्यवहार अडेल का?

दर कुठल्याही कायद्यात नाही. बोलून ठरेल तो खरा. 42 लाखांचे दोन टक्के म्हणजे 84 हजार, दोन्हीकडचे मिळून 1 लाख 68 हजार. तेव्हा या पैशात तो काय करणार, हे आधी विचारून घ्यावं. चांगला एजंट पार्टी आणतो, त्या भागात खरे सौदे कितीला झाले ते त्याला माहीत असतं, आणि भावाची ओढाताण चालू असताना तो मध्ये बसल्यामुळे दोन घरांत कडवटपणा येत नाही. हे तिसरं काम दिसतं त्यापेक्षा मोलाचं आहे.

मालकीची तपासणी मात्र तो करत नाही. ‘कागद क्लिअर आहेत साहेब’ हे त्याचं वाक्य म्हणजे सर्च रिपोर्ट (मालकीच्या जुन्या नोंदी तपासून दिलेला अहवाल) नव्हे. तो वकिलाकडूनच घ्यावा लागतो, एजंट असो वा नसो. मागची 30 वर्षं तपासायला सांगा आणि वकील तुमचा तुम्ही निवडा, एजंटने सुचवलेला नको.

एजंटशिवाय करायचं तर भावाचा अंदाज घरबसल्या काढता येतो. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये गाव आणि सर्व्हे नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर टाकला, की त्या मिळकतीवरच्या दस्तांचे इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचे गोषवारे, दिसतात. त्याच इमारतीतल्या दोन-तीन फ्लॅटचा मोबदला आणि क्षेत्रफळ पाहून भागाकार करा. मागितलेला भाव आणि झालेला भाव यातलं अंतर तिथे कळतं.

दलाली ठरलीच तर ती लिहून घ्या: किती, कोणाकडून, कधी. निम्मी साठेखत (विकण्याचा करार) नोंदवल्यावर आणि निम्मी खरेदीखताच्या दिवशी, ही रीत बरी. इसाराच्या (सौदा ठरताना आगाऊ दिलेल्या) रकमेतून दलाली कापून देऊ नका. नव्या प्रकल्पातला, महारेराकडे (गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडे) नोंदलेला फ्लॅट विकणाऱ्या एजंटची स्वतःची महारेरा नोंदणी असावीच लागते. तो क्रमांक मागा. आणि एक अप्रिय गोष्ट: घर एजंटनेच दाखवलं असेल, तर नंतर त्याला टाळून मालकाशी परस्पर सौदा करणं बरं नाही. भांडण नेमकं दस्ताच्या आदल्या दिवशी उभं राहतं.

प्रश्न : विजापूर रोडचा फ्लॅट एजंटशिवाय विकतोय. बँकेचं 11 लाखांचं कर्ज बाकी आहे. घेणाराही कर्ज काढणार. मूळ कागद बँकेत असताना विकायचं कसं?

विकता येतं, फक्त पैशांचा क्रम चुकता कामा नये. पहिल्यांदा तुमच्या बँकेकडून दोन कागद घ्या: फोरक्लोजर लेटर, म्हणजे अमुक तारखेपर्यंत किती भरलं की कर्ज मिटेल तो आकडा, आणि बँकेच्या ताब्यातल्या मूळ कागदांची यादी. या दोन कागदांवर घेणाऱ्याची बँक प्रकरण पुढे नेते. मग साठेखत नोंदवायचं. घेणाऱ्याचा स्वतःचा हिस्सा 11 लाख भरण्याएवढा असेल तर त्यातूनच कर्ज मिटवणं सगळ्यात सुटसुटीत, मात्र ती रक्कम तुमच्या बचत खात्यात न येता थेट कर्जखात्यात जावी. तेवढा हिस्सा नसेल तर त्याची बँक तुमच्या बँकेच्या नावे चेक काढते आणि उरलेली रक्कम तुम्हाला देते.

फ्लोटिंग व्याजदराचं घरकर्ज मुदतीआधी मिटवल्याबद्दल व्यक्तीकडून दंड घेता येत नाही, कोणी मागितला तर लेखी मागा. कर्ज पूर्ण फिटल्यापासून 30 दिवसांत मूळ कागद परत द्यायचे, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम 1 डिसेंबर 2023 पासून आहे. घेणाऱ्याची बँक मात्र या 30 दिवसांत बेचैन असते, म्हणून कागद कोण, कधी, कोणाच्या हाती देणार ते साठेखतातच लिहा.

अडतं कुठे? बिल्डरबरोबरचा पहिला करारनामा सापडत नाही. मग पोलिसांत गहाळ झाल्याची नोंद, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस आणि दुय्यम निबंधकाकडून प्रमाणित नक्कल, यात महिना सहज जातो. म्हणून जाहिरात टाकण्याआधी फाइल लावा: करारनामा, इंडेक्स टू, वापर परवाना, चालू वर्षाची घरपट्टी-पाणीपट्टी, लाइट बिल आणि सोसायटीचा ना-बाकी दाखला. सोसायटी हस्तांतरासाठी ‘डोनेशन’ मागत असेल तर महापालिका हद्दीत हस्तांतरण प्रीमियमची कमाल मर्यादा 25,000 रुपये आहे, हे सेक्रेटरींना नम्रपणे सांगा.

प्रश्न : अक्कलकोट रोडला हद्दवाढ भागात दीड गुंठा जागा आणि तीन खोल्या नऊ लाखांत मिळतायत. मालकाकडे बाँडवर नोटरी केलेली खरेदी आणि घरपट्टीची पावती आहे. सात-बारावर मूळ शेतकऱ्याचं नाव दिसतं. घ्यावं का?

आज आहे त्या स्थितीत नको.

घरपट्टी ही वापरणाऱ्याकडून वसूल होते, तिच्या पावतीने मालकी मिळत नाही. नोटरी सही कोणी केली एवढंच सांगतो. 100 रुपयांच्या वरच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते, आणि नुसत्या मुखत्यारपत्रावर किंवा साध्या करारावर मालकी बदलत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये स्पष्ट केलं आहे. म्हणजे कागदोपत्री ही जागा अजून त्या शेतकऱ्याची, आणि तो हयात नसेल तर त्याच्या मुलामुलींची आहे. उद्या त्यांनी हीच जागा दुसऱ्याला नोंदणीकृत खरेदीखताने दिली, तर तुमच्या हातात बाँड आणि कोर्टाची तारीख उरेल.

1992 च्या हद्दवाढीत भोवतालची गावं महापालिकेत आली आणि शेतं ले-आउट न करता, बिनशेती न करता गुंठ्यागुंठ्याने विकली गेली. तुमची जागा त्यातलीच दिसते. अशा जागांसाठी 2001 चा गुंठेवारी कायदा आहे, आणि 2021 च्या दुरुस्तीने तो 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या गुंठेवारीला लागू झाला. महापालिकेत अर्ज, नकाशा, विकास शुल्क आणि प्रशमन शुल्क (नियमभंग मिटवण्यासाठीची रक्कम) भरून जागा नियमित होऊ शकते. आरक्षणात किंवा रस्त्यात येणारी जागा मात्र होत नाही.

घ्यायचीच असेल तर या क्रमाने जा. ताजा सात-बारा आणि मागचे फेरफार काढा. नगररचना विभागातून झोन दाखला घ्या आणि विकास आराखड्यात जागेवर रस्ता किंवा आरक्षण नाही याची खात्री करा. भूमी अभिलेखची मोजणी करून घ्या. दीड गुंठा म्हणजे 1,633 चौरस फूट, जागेवर भरताना 1,400 भरले तर आश्चर्य वाटून घेऊ नका. चतुःसीमेत ‘पूर्वेस वीस फुटी रस्ता’ लिहिलेलं असतं, आणि जाऊन पाहिलं तर तो रस्ता म्हणजे शेजाऱ्याच्या गुंठ्यातून गेलेली पायवाट निघते. ती वाट कोणाच्या नावावर आहे तेही बघा. मग गुंठेवारीचं प्रमाणपत्र विकणाऱ्यालाच काढायला लावा. शेवटी नोंदणीकृत खरेदीखत करा. त्यात मूळ शेतकरी किंवा त्याचे सगळे वारस लिहून देणार आणि आजचा ताबेदार मान्यता देणार, अशा दोघांच्या सह्या हव्यात. तुकडेबंदीच्या (जमीन फार लहान तुकड्यांत विकण्यावरच्या बंदीच्या) नियमांत अलीकडे बदल झाले आहेत, तेव्हा दस्त नोंदवला जाईल का हे इसार देण्याआधीच दुय्यम निबंधकाकडे विचारा.

यातलं काहीच नको, पैसे द्या आणि ताबा घ्या, असं मालक म्हणत असेल तर नऊ लाख हा स्वस्त भाव नाही.

प्रश्न : मालकाशी फोनवर सौदा झाला, एक लाख टोकन ऑनलाइन पाठवलं. आता भाव वाढला म्हणून तो माघार घेतोय, पैसे परत द्यायला तयार आहे. घर सक्तीने घेता येईल का?

लेखी काही नसेल तर पैसे बँकेतूनच परत घ्या आणि सोडून द्या. करार पूर्ण करून मागण्याचा दावा लावता येतो, मुदत तीन वर्षांची असते. पण किंमत, मुदत आणि सगळ्या मालकांच्या सह्या कागदावर नसताना तो सिद्ध करणं जड जातं.

पुढच्या वेळी टोकन पाठवण्याआधी इसारपावती करा. तिच्यात पूर्ण किंमत, साठेखताची शेवटची तारीख, विकणाऱ्याने मोडलं तर किती परत (दुप्पट लिहायची पद्धत आहे), आणि कर्ज नामंजूर झालं किंवा मालकीत दोष निघाला तर पूर्ण इसार परत, हे सगळं हवंच. नवरा-बायको दोघांच्या नावावर घर असताना एकट्या नवऱ्याची सही घेऊन निघून येणारे बरेच असतात.

प्रश्न : उत्तर कसब्यात वडिलांच्या नावाचा जुना वाडा आहे. वडील मृत्युपत्र न करता गेले, आई नाही. आम्ही तीन भाऊ, दोन बहिणी. बहिणी ‘आम्हाला काही नको’ म्हणतात. खाली दुकानात जुना भाडेकरू आहे. विकायचा कसा?

वडिलांची स्वतःची मिळकत असेल तर पाचही जणांचा हिस्सा सारखा. वडिलोपार्जित असली तरी मुलींना 2005 च्या दुरुस्तीने मुलासारखाच हक्क आहे, आणि 2005 मध्ये वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी सांगितलं.

‘काही नको’ हे तोंडी चालत नाही. एक वाट म्हणजे नोंदणीकृत हक्कसोडपत्र, दुसरी म्हणजे पाचही जणांनी खरेदीखतात लिहून देणार म्हणून सही करणं. दुसरी वाट सरळ आहे. प्रत्येकाच्या हिश्श्याचा चेक दस्तात लिहिला जातो, आणि बहिणींना खरंच नको असेल तर त्या आपल्या खात्यातून नंतर देऊ शकतात. फुकट लिहून घेतलेलं हक्कसोडपत्र भाच्यांच्या पिढीत भांडण होऊन परत येतं. एखादं भावंड गेलेलं असेल तर त्याचे वारस सहीला लागतील, आणि त्यात कोणी अज्ञान (18 वर्षांखालचं) असेल तर त्याच्या हिश्श्यासाठी कोर्टाची परवानगी आधी.

सुरुवात सिटी सर्व्हे ऑफिसातून करा: मिळकत पत्रिकेवर पाचही वारसांची नोंद. एकाच भावाने आपला हिस्सा बाहेरच्याला विकला, तरी घेणाऱ्याला राहत्या घरात तुमच्याबरोबर ताबा मागता येत नाही, त्याला वाटपाचा दावा लावावा लागतो. म्हणून असे हिस्से कवडीमोलाने जातात. भाडेकरू विक्रीने उठत नाही, तो नव्या मालकाकडे जातो. ही गोष्ट खरेदीखतात स्पष्ट लिहा आणि भावात धरा. ‘आम्ही खाली करून देऊ’ असं वचन देऊन जास्त भाव घेऊ नका.

टॅक्सबाबत थोडक्यात: वाडा 2001 च्या आधीचा असल्याने खरेदी किंमत म्हणून 1 एप्रिल 2001 चं मूल्य धरता येतं. नोंदणीकृत व्हॅल्युअरकडून ते आधीच काढून ठेवा. मिळकत 23 जुलै 2024 पूर्वीची असल्यामुळे 12.5 टक्के सरळ किंवा इंडेक्सेशन (महागाईनुसार वाढवलेली खरेदी किंमत) धरून 20 टक्के, यातला कमी बसणारा कर भरता येतो.

प्रश्न : 42 लाखांच्या फ्लॅटला किमतीशिवाय किती धरायचे? काही रक्कम रोख दिली तर?

सोलापूर महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क सहा टक्के: 2 लाख 52 हजार. नोंदणी फी एक टक्का, पण कमाल 30 हजार. घर फक्त बाईच्या नावावर असेल तर एक टक्का सूट, म्हणजे 42 हजार वाचतात. नवऱ्याचं नाव जोडलं की ही सूट गेली. शुल्क रेडी रेकनर (सरकारने त्या भागासाठी ठरवलेला दर) आणि ठरलेली किंमत यातल्या मोठ्या रकमेवर लागतं. 1 एप्रिल 2025 ला सोलापूरचा रेकनर 10.17 टक्के वाढला, राज्यातल्या महापालिकांत सर्वाधिक. जुन्या आकड्यावर हिशेब करू नका.

किंमत 50 लाख किंवा वर असती तर एक टक्का टीडीएस (विकणाऱ्याच्या पैशातून आधीच कापायचा आयकर) तुम्ही कापून ज्या महिन्यात कापला तो संपल्यापासून 30 दिवसांत भरावा लागला असता. विकणाऱ्याचा पॅन आधारला जोडलेला नसेल तर तोच दर 20 टक्क्यांवर जातो.

रोख देऊ नका. स्थावराच्या व्यवहारात 20,000 किंवा जास्त रोख घेतली तर ती रोख स्वीकारणाऱ्याला तेवढाच दंड, आणि दस्तात न दाखवलेला पैसा सौदा मोडला तर मागायचा कुठे? सही झाल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदणीला न्यायचा असतो. जाण्यापूर्वी आधार, पॅन आणि जुना दस्त या तिन्हींतलं नाव अक्षरशः ताडून पाहा. ‘शिवलिंगप्पा’ आणि ‘शिवलिंग’ एवढ्या फरकावर चूकदुरुस्तीपत्र करायची वेळ येते.

प्रश्न : कागद ठीक आहेत. फ्लॅट बघायला गेल्यावर नेमकं काय बघायचं?

पाणी. आपल्याकडे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं, तेव्हा टाकीची क्षमता भागिले फ्लॅटची संख्या भागिले दिवस असा साधा हिशेब करा. चाळीस हजार लिटरची टाकी, वीस फ्लॅट, पाच दिवस म्हणजे एका घराला दिवसाला 400 लिटर, चौघांना पुरतील. दहा हजारांची असेल तर 100 लिटर, म्हणजे टँकर आलाच. सोसायटीच्या वहीत मागच्या एप्रिल-मेचा टँकरखर्च दाखवा म्हणा, बोअरला मे महिन्यात पाणी असतं का ते वॉचमनला विचारा, सेक्रेटरींना नको. वरचा मजला असेल तर दुपारी तीनला जाऊन पश्चिमेच्या भिंतीला आतून हात लावून बघा. सकाळी दहाला दाखवलेला फ्लॅट सगळ्यांनाच थंड वाटतो.