तीस वर्षांच्या युद्धाच्या सुरुवातीला जर्मन प्रदेशांतली चांदीची नाणी इतकी हिणकस का झाली?

युद्धाचा खर्च हे कारण खरंच, पण दुखणं जुनं होतं. १५५९ च्या शाही, म्हणजे पवित्र रोमन साम्राज्याच्या, नाणेकायद्याने चिल्लरीतही चांदीचं प्रमाण बांधून दिलं होतं. चिल्लर पाडायची मजुरी थालर या मोठ्या चांदीच्या नाण्याच्या मानाने फार जास्त, म्हणजे कायदा पाळला की टांकसाळ तोट्यात. १६१९ पासून अनेक संस्थानिकांनी क्रॉइत्सर या चिल्लर नाण्यामध्ये तांबं वाढवत नेलं. त्यांचे दलाल ती नाणी शेजारच्या राज्यात खपवून तिथली चोख चांदी वेचून आणत. मग शेजारीही तेच करू लागले! १६२२ मध्ये तर खुद्द सम्राटाने बोहेमियातल्या (आजच्या चेक प्रदेशातल्या) टांकसाळी सेनानी वालेनश्टाइन, सरदार लिश्टेनश्टाइन वगैरे मंडळींना मक्त्याने दिल्या. यात भरडले गेले ते पगारावर जगणारे: हातात पैसा तोच, भाकरी मात्र महाग. १६२३ च्या सुमारास थालरचा चिल्लरीतला फुगलेला भाव ९० क्रॉइत्सरवर आणला गेला.